अकरा मतांनी

पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर
नेजदार सर शिट्टी वाजवतात.
शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली,
शिट्टी अजून ड्यूटीवर.
"लाइन धरा! बारगीर, पोट आत!"
बारगीर कंडक्टर पोट आत घेतात,
ते पुढच्या स्टॉपला परत उतरतं.

मी पहिल्यांदा आलो तेव्हा
निकाल लागून एकोणीस दिवस झाले होते.
एकोणीस दिवस खिडकीचा पडदा सरकवला नव्हता,
कारण समोरच्या भिंतीवर मीच होतो,
हात जोडून, कपबशीच्या शेजारी,
आणि कुणीतरी मला मिशा काढल्या होत्या.

अकरा मतं.
दोनशेनं पडलो असतो तर
नको होतो त्यांना, म्हणून विषय संपला असता.
अकरा म्हणजे
वडापची एक जीप,
तीही पुरती न भरलेली.
रात्री अंथरुणात मी ती जीप भरत बसायचो:
इस्त्रीवाला, धाकटी जाऊ,
गॅरेजवरची ती दोघं, जी नमस्कार जरा जास्तच वाकून करायची.
रोज नवीन अकरा.
नवरा म्हणायचा, "झोप आता, मोजणी संपली."

पुण्याची भाची फोनवर हसली,
"मावशी, 'हरलो' काय? 'हरले' म्हण."
आमच्याकडं बायका अशाच बोलतात गं.
आलो, गेलो, जेवलो, हरलो.
पण फोन ठेवल्यावर वाटलं,
'हरले' म्हणजे मी एकटी.
'हरलो' म्हटलं की
सोबत कुणीतरी असल्यासारखं.
कोण, ते काही कळेना.

तबस्सुम मुल्लानं हाताला धरून आणलं.
"चल तर. तितं कोण मत मागत न्हाई."
पहिल्या दिवशी बैठका.
सर मोजणार, मागून सगळे मोजणार.
आठ, नऊ, दहा
आणि अकराला माझे गुडघे थांबले.
गुडघ्यांना काय ठाऊक आकडा?
पण थांबले.
सर म्हणाले, "असू दे. उद्या दहापासून सुरू."
कुणी वळून बघितलं नाही.
घाम डोळ्यात जात असला की
माणसं दुसऱ्याचं बघत नाहीत,
एवढी सोय आहे त्यात.

मग एकदा हजेरीला कागद नव्हता.
आमच्या माळ्यावर दोन हजार पत्रकं पडून,
मागची बाजू कोरी.
गठ्ठा आणून दिला.
आता एका अंगाला 'आपल्या हक्काची वहिनी',
दुसऱ्या अंगाला सरांचं मोत्यासारखं अक्षर:
मुल्ला, चाळीस. बारगीर, बावीस, तक्रारीसह.
अतिग्रे, गैरहजर, कारण म्हैस.

हा बाळू अतिग्रे
परवा प्लँकमध्ये माझ्या शेजारी होता.
कोपरांवर, थरथरत, जमिनीकडं तोंड करून म्हणाला,
"वहिनी, त्या दिवशी म्या मत टाकलं न्हाई.
म्हस अडली हुती. आमच्या घरातली च्यार."
मला ओरडता येईना, पोट आवळलेलं.
चाळीस सेकंद मी त्याला मनात शिव्या घातल्या,
पंचेचाळिसाव्या सेकंदाला विचारलं,
"रेडकू जगलं का?"
"जगलं की. रेडी हाय."
आणि आम्ही दोघंही एकदमच
पोटावर आपटलो.

राग गेला म्हणू नका.
चार सापडले, सात अजून जीपमध्येच आहेत.
भिंतीवरच्या मिशाही आहेत,
पडदा उघडला की दिसतात,
खरं सांगतो, शोभतात.

आज कठड्यापलीकडं पाणी शांत होतं,
एक खंड्या तारेवर, आमच्याकडं पाठ करून.
बारगीरांनी धापा टाकत विचारलं,
"काय वहिनी, पुढच्या खेपेला उभं राहणार?"
मी काही बोलायच्या आत
शिट्टी वाजली.
"उभं राहायचं मग बघू! आधी नीट बसा!"

नऊ. दहा. अकरा.
बसलो.
उठलो.